फोटोच्या कपाळावर

आई,

अंबाबाईला जाऊन आलात की आधी चहा घ्या, मग हे वाचा. मी पासपोर्ट ऑफिसला गेलेय.

क्रूझला जायचं म्हणून सकाळी तुम्ही देवापुढं तिघांचे पासपोर्ट पुजलेत. तुमच्या आणि अण्णांच्या पासपोर्टाला नुसत्या अक्षता वाहिल्यात. माझा मात्र उघडून आतल्या फोटोच्या कपाळावर ओलं कुंकू लावलंत. मी पुसायला गेले तर ते नावावर पसरलं. पूजा करायची तर बॅगांची करायची होती की. एजंटला फोन केला, तो म्हणाला असला डाग चालत नाही, बदलूनच घ्या. आजचीच वेळही त्यानंच मिळवून दिली.

तुम्ही म्हणणार, "बोटीवरनं खाली उतरलोच न्हाई, तर कोण बघतंय?" तसं नसतं. बोटीत चढायच्या आधीच पासपोर्ट तपासतात, आणि बोट ज्या देशात थांबणार तिथले नियम आपण आत बसून राहिलो तरी लागू होतात. व्हिसाचा अर्ज अजून गेला नव्हता, तेवढं बरं झालं.

अण्णांना आमटी गरम करून द्या. पासपोर्टाला डाग कसला पडला म्हणून विचारतील. चहा सांडला म्हणून सांगा, असं लिहिणार होते, पण नको. खरं तेच सांगा.

आणि रडत बसू नका. अभिराम गेल्यापासून माझ्या मोकळ्या कपाळाबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत. मला वाटायचं, तुमचं तिकडं लक्षच नाही.

नव्या पासपोर्टाचा फोटो तिथंच काढतात. जाताना तुमच्या करंड्यातलं कुंकू लावून गेलेय.

वल्लरी