साडूपेक्षा जड

रविवार, २ मार्च

सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. साडूने गिटार आणली होती. इलेक्ट्रिक. सोबत पावाच्या लादीएवढा स्पीकर. साडू म्हणजे धाकट्या मेव्हणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. दोन पेशंटच्या मधे मोबाइलवर बघून शिकला म्हणे. त्याने वाजवलं आणि सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझ्या एकाही वाक्याला त्यांनी चमचा खाली ठेवलेला नाही.

२० एप्रिलला सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. बायकोने त्यांच्यावर स्वतः गाणं लिहिलंय, तीच म्हणणार. साथीला गिटार हवी. मेव्हणीने लगेच नवऱ्याचं नाव पुढे केलं. बायको माझ्याकडे बघत म्हणाली, ह्यांनी वाजवलं असतं तर काय बहार आली असती. मी म्हणालो, वाजवतो की. तिचा चेहरा एकदम फुलला. साडू म्हणाला, वा साडूभाऊ, काही लागलं तर सांगा. ते 'काही लागलं तर' मला फार लागलं.

निघताना त्याची गिटार उचलून बघितली. हलकी! मी नळांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. नळ हातात घेतला की पितळ किती आणि थापा किती ते मला कळतं. जड तो खरा. साडूला कुणीतरी गंडवलंय. बरं वाटलं.

सोमवार, ३ मार्च

निश्चय. रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा रियाज. गिटार अजून घेतलेली नाही, म्हणून उद्यापासून उठण्यात अर्थ नाही. ताकद राखून ठेवतोय.

शनिवार, ८ मार्च

गिटार घेतली. माझ्या बजेटमधल्या एकूण एक गिटारी उचलून बघितल्या. दुकानदार म्हणाला, स्पीकरला जोडून दाखवू का? मी म्हणालो, गरज नाही. सगळ्यांत जड होती ती घेतली. तपकिरी रंग, जुन्या कपाटासारखा. दुकानदार म्हणाला, वजन लाकडाच्या तुकड्या-तुकड्यावर असतं, एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सारख्या भरत नाहीत, त्यावरून आवाज ठरत नाही. मी नुसता हसलो. हलका नळ विकणाराही हेच सांगतो.

घरी येऊन बाथरूममधल्या काट्यावर गिटार घेऊन उभा राहिलो. साडेसत्त्याहत्तर. माझं वजन चौऱ्याहत्तर, फेब्रुवारीत कंपनीच्या मेडिकलमध्ये झालंय, डॉक्टरची सही आहे. म्हणजे गिटार साडेतीन किलो. साडूला सहज फोन केला आणि सहजच विचारलं. त्याची तीन किलो चारशे. मी विषय बदलून हवेबद्दल बोललो.

रविवार, ९ मार्च

रियाज सुरू होऊन थांबला. गिटारीच्या मानेवर ज्या आडव्या पट्ट्या असतात त्यांची टोकं बाहेर आलेली आहेत. हात वरून खाली नेला आणि बोट कापलं. ह्यालाच 'फील' म्हणत असावेत. साडूच्या गिटारीला असलं काही नाही, सगळं गुळगुळीत. व्यक्तिमत्त्वच नाही.

बायकोने बोटाला पट्टी लावली. म्हणाली, गाण्याला चारच कॉर्ड आहेत, म्हणजे बोटांच्या चारच ठेवणी, भाऊजींनी कागदावर काढून दिल्यात. अक्षर बघितलं. डॉक्टर असून वाचता येतं. इतका आटापिटा कशाला करायचा माणसाने? कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

गुरुवार, १३ मार्च

वाईट दिवस. गिटार पुसताना मागे स्टिकर दिसलं. मेड इन चायना. साडूच्या गिटारीवर इंडोनेशिया आहे, मी त्या दिवशीच बघून ठेवलं होतं.

ऑफिसात दुपारभर इंटरनेटवर वाचत बसलो. एक जण लिहितो की स्वस्त गिटारींत इंडोनेशियाची एक पायरी वर. दुसरा लिहितो की असं काही नसतं, दोन्हीकडे सारखीच यंत्रं, चांगली-वाईट दोन्हीकडे निघते. दुसरा माणूस अभ्यासू वाटला. पण पहिल्याला लाइक जास्त होते. बिस्किटांचे दोन पुडे संपले. नळांची एक अख्खी खेप न बघता पास केली.

हा हेवा नाही. प्रश्न क्वालिटीचा आहे.

रविवार, १६ मार्च

स्टिकर काढायचा प्रयत्न केला. गरम पाणी, खोबरेल तेल, शेवटी नख. 'चायना' निघालं. 'मेड इन' निघेना. आता 'मेड इन' आणि पुढे मोकळी जागा आहे. हे एका परीने जास्त प्रामाणिक आहे.

बायकोने विचारलं, आज बसू या का? म्हणालो, तेलाने हात निसटतात.

शनिवार, २२ मार्च

विलक्षण घटना! गिटार पुन्हा तोलली. साडेअठ्ठ्याहत्तर. वजा चौऱ्याहत्तर. साडेचार किलो! दोन आठवड्यांत गिटारीचं वजन किलोभर वाढलं. तीनदा काट्यावर चढलो. तेच.

विचार केला. लाकूड मुरतंय. हवेतला ओलावा पिऊन आतून भरतंय. अशी गिटार लाखात एखाद्याच्या वाट्याला येत असणार, आणि मी ती नुसत्या हाताच्या अंदाजावर उचलली. ऑफिसात स्टोअरकीपरला सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि रजिस्टरमध्ये डोकं घातलं. काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

साडूलाही कळवलं. तो म्हणाला, लाकूड सहसा वाळून हलकं होतं, साडूभाऊ. त्याच्या गिटारीचं होत असेल.

मंगळवार, २५ मार्च

पँट आटली. शर्टही. इस्त्रीवाला कपडे जास्त तापवतो, बदलायला हवा.

बायको गाण्याची वही घेऊन शेजारी येऊन बसली. म्हणाली, चार कॉर्ड राहू द्या, दोनच शिका, मी गाणं त्यात बसवते. मी तिला समजावलं की लाकूड मुरत असताना वाजवलं तर आतली घडण विस्कटते. ती वही मिटून मांडीवर घेऊन बसून राहिली. नंतर म्हणाली, असं कुणी सांगितलं? म्हणालो, अनुभव.

रविवार, ३० मार्च

बायको आतल्या खोलीत व्हिडिओ कॉलवर होती. तिकडे साडू आणि मेव्हणी. साडू वाजवत होता, ही म्हणत होती. ताल चुकला की तिघं हसत होते. गाणं मी पहिल्यांदाच धड ऐकलं, तेही दाराआडून. बायकोचा आवाज इतका मोकळा लागतो हे मला माहीत नव्हतं. किंवा विसरलो होतो.

दाराशी उभा राहून ऐकताना पोटात दुखायला लागलं. आज लिहूनच ठेवतो, हेवा वाटला. त्याच्या बोटांचा वाटला, गुळगुळीत पट्ट्यांचा वाटला, सर्वांत जास्त त्या हसण्याचा वाटला. फ्रिजमध्ये केक होता. अख्खा खाल्ला. मग थोडा तर्कशुद्ध विचार करता आला.

बायकोला मी माझी नाराजी जाणवून दिली. ती म्हणाली, साथ नसताना सराव कसा करू? तुम्ही बसलात तर फोन कशाला करेन? ह्या प्रश्नावर माझ्याकडे चांगलं उत्तर होतं, पण तोंडात केक होता.

गुरुवार, ३ एप्रिल

दुकानदाराकडे गेलो. फक्त चर्चेला. तो म्हणाला, आणा ना गिटार, पट्ट्यांची टोकं घासून देतो, तारा जरा खाली घेतो, अर्ध्या तासाचं काम आहे. साडूनेही त्याच्याकडूनच करून घेतलंय म्हणे. म्हणाला, देश कुठलाही असो, स्वस्त गिटार दुकानात आल्यावर पुन्हा नीट बसवावी लागते, नाहीतर नवा माणूस हात कापून घेतो आणि सोडून देतो.

म्हणजे साडूचा तो गुळगुळीतपणा नंतर आणलेला आहे! मूळचा नाहीच. मी नम्रपणे नकार दिला. मुरत आलेल्या वस्तूवर कानस चालवू देणारा मी नव्हे.

रविवार, ६ एप्रिल

पाच किलो आठशे. शब्द नाहीत.

सकाळी बायको म्हणाली, एक काम करा. एकच कॉर्ड. पहिल्या ओळीला तुम्ही वाजवा, पुढचं मी नुसतं म्हणते. तुम्ही शेजारी असलात की झालं. मी म्हणालो, लाकूड सहा किलोवर स्थिर होईल असा अंदाज आहे, मग बघू. ती 'बरं' म्हणाली. तो 'बरं' कसला होता ते मला कळलं, पण तेव्हा मी काट्यावर उभा होतो. नंतर ती बहिणीशी फोनवर बोलली. थोडकंच बोलली.

शनिवार, १२ एप्रिल

मेव्हणीने कार्यक्रमाची रूपरेषा मोबाइलवर पाठवली. गाणं: थोरली. गिटार: धाकटे जावई. थोरले जावई: खुर्च्या.

खुर्च्या! बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला वेळ मिळत नव्हता ना. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर भांडता आलं असतं. साडूने फोन करून विचारलं, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं, अजून वाजवायचं असेल तर मी आनंदाने बाजूला होतो. अशा चांगुलपणाचा मला मनापासून संताप येतो.

शनिवार, १९ एप्रिल

ठरवलं. गिटार घेऊन जायचंच. सगळ्यांदेखत दोन्ही गिटारी शेजारी ठेवायच्या आणि साडूला माझी उचलायला लावायची. बाकी मला काही बोलावंच लागणार नाही. कोट चढवून बघितला. बटण लागेना. उघडा कोट कलावंताला शोभतो.

रविवार, २० एप्रिल

खुर्च्या मांडल्या. चाळीस. रांगा सरळ. ह्याचं कुणी नाव काढलं नाही.

पाहुणे यायच्या आधी साडूसमोर माझी गिटार ठेवली. सहा किलोची आहे, जपून उचला, म्हणालो. त्याने एका हाताने उचलली. त्याचा चेहरा जरा अवघडला, पण वजनाने नव्हे. मी आग्रह धरला की तोलूनच बघू. सासरे उत्साही माणूस, त्यांनी आतून प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणला. गिटारीचा पट्टा हुकाला अडकवला. तीन किलो पाचशे. पुन्हा. तीन किलो पाचशे. सासऱ्यांनी विचारलं, मग उरलेले अडीच किलो गेले कुठे? मेव्हणीची नजर माझ्या कोटाच्या बटणावर गेली आणि ती घाईघाईने पाणी आणायला आत गेली. साडू म्हणाला, बाथरूमच्या काट्यांचं काही खरं नसतं. तरीही ती त्याच्या गिटारीपेक्षा शंभर ग्रॅम जास्तच भरली, हे एकानेही बोलून दाखवलं नाही.

मग गाणं झालं. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसलो होतो. साडू वाजवताना किंचित वाकायचा तेव्हा त्याच्या गिटारीची मागची बाजू दिसायची. मला एकदम शंका आली की तिथे खरंच इंडोनेशिया लिहिलंय का. मान वाकडी करून बघत राहिलो. अक्षरं बारीक, तो सारखा हलत होता. 'इं' दिसल्यासारखं झालं तेवढ्यात गाणं संपलं. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते आणि सगळे वळून माझ्याकडे बघत होते. अडीच किलोची बातमी पसरली, असं समजून मीही हसलो आणि टाळ्या वाजवल्या. सासूबाई डोळे पुसत होत्या.

सोमवार, २१ एप्रिल, सकाळी

बायकोने चहा दिला. मी म्हणालो, गाणं छान झालं. तिने विचारलं, कुठलं कडवं आवडलं? म्हणालो, सगळीच. ती म्हणाली, "शेवटचं?" म्हणालो, तेही.

ती समोर बसली. म्हणाली, "शेवटचं कडवं आई-बाबांवर नव्हतं. तुमच्यावर होतं. पन्नास वर्षं काढायची तर कुणाबरोबर काढायला आवडेल, ते होतं त्यात. तुमच्याकडे बघून म्हटलं सगळं. तुम्ही भाऊजींच्या गिटारीखाली वाकून काय बघत होतात?"

मी खरं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. मी म्हणालो, आता म्हण ना, नुसतं वाचून दाखव. म्हणाली, "एकदा म्हटलं की." आणि कामावर गेली. वही पर्समध्ये घालून गेली.

मेव्हणी कार्यक्रमाचं शूटिंग करत होती, पण दुसऱ्या कडव्यालाच तिचा मोबाइल बंद पडला. सासरे फोनवर म्हणाले, तुझ्यावर काहीतरी गोड होतं बाबा, शब्द नाही आठवत. सासूबाईंना विचारायची हिंमत नाही.

सगळे शब्द पाठ असलेला एकच माणूस आहे. तीन आठवडे व्हिडिओ कॉलवर तिच्या समोर बसून साथ केली आहे त्याने.

अकरा वाजता त्याचे पेशंट सुरू होतात. त्याआधी फोन करायला हवा. उचलेल तो. नेहमी उचलतो.