बाबांच्या तळ्याचं गोडं पाणी

१२ फेब्रुवारी
खाडीतल्या सात नंबरच्या जाळीच्या पिंजऱ्यातले सॅमन मासे आज गुंगी देऊन तपासले. जवळजवळ प्रत्येकाच्या कल्ल्यांवर पांढरा चिकट थर — कल्ले खाणारा तो परजीवी अमीबाच! इथे दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा; त्यानं खाडी एवढी तापलीय, दुसरं काय होणार? गोड्या पाण्यात अंघोळ घातली की अमीबा सुटतो, मासा वाचतो. पण पाऊस नाही, ह्यूऑन नदी रोडावलीय, आमच्या मासेपालन कंपनीच्या धरणात नुसता गाळ.
डॅरिल — आमचा साहेब — म्हणाला, "सोड रोवेना. हा पिंजरा गेला समज."
का समजू? बोटाएवढे होते तेव्हापासून मी वाढवलेत.

१३ फेब्रुवारी
बाबांकडे गेले. डोंगरावरच्या त्यांच्या तळ्यात पाणी आहे, सफरचंदांच्या बागेसाठी राखलेलं. आमच्या कंपनीचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरतं.
"अंघोळ किती टिकेल?"
"तीन आठवडे, फार तर महिना."
"मग?"
"मग परत अंघोळ."
"म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि तेही माझं."
मीही सोडलं नाही. म्हटलं, दर वर्षी फवारता, कीड कायमची जाते का? मग तोडून टाका बाग.
त्यांनी माझं ताट वाढायला घेतलं. म्हणाले, "जेवून जा." पाण्याचं अवाक्षर नाही.

१४ फेब्रुवारी
नाही म्हणाले नाहीत. म्हणजे मी परत जाणार.

१६ फेब्रुवारी
बाबांनी निम्मं तळं दिलं! फळ अजून भरायचंय, झाडांना पाणी हवंय — मला कळत नाही का? कळतं. तरी घेतलं. डॅरिलला सांगितलं, आता आडवा येऊ नकोस. उद्या मासे उपाशी, अंघोळीआधी पोट रिकामं लागतं; परवा अंघोळ.

१८ फेब्रुवारी
ताडपत्रीचा भला मोठा हौद, त्यात बाबांचं पाणी, खालून प्राणवायूच्या नळ्या. मासे आत सोडले. थोडे मेले. बाकीचे तरले! बाबा धक्क्यावर खिशात हात घालून उभे. जाताना म्हणाले, "पोहतायत की." मला रडू आलं.

२७ फेब्रुवारी
मासे खायला लागलेत. बागेत मात्र यंदा फळ बारीक राहिलंय. खालच्या ओळींतल्या झाडांची पानं करपलीत. बाबा तक्रार करत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. उलट म्हणतात, "लागलं तर उरलेलंही ने. तुझ्या माशांपुढे माझी सफरचंदं काय!" टोमणा होता की खरंच, कळलं नाही. बहुतेक खरंच.

११ मार्च
कल्ल्यांवर पुन्हा पांढरं. आता डॅरिलच मागे लागलाय — "अजून एक अंघोळ घालू. तुझ्या बाबांच्या तळ्यात उरलंय ना?"
"आटलं," मी म्हटलं.
आटलेलं नाही. संध्याकाळी बाबांनी ते खालच्या ओळींना सोडलं, तेव्हा पाइप धरून मीच उभी होते.