आधी गाव विचार

बाबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही विचारावं असं मला वाटलं नव्हतं. धंदा चालला होता. करी रोडचं आपलं ऑफिस तेच आहे, चाळीच्या तळमजल्यावरचं, एक टेबल आणि तीन खुर्च्या मावतील एवढं. समोर टॉवर उभा राहिला आणि दुपारचं ऊन गेलं, एवढाच काय तो फरक. पण सोमवारपासून मला तिथे बसायची भीती वाटते. डबा उघडते आणि तसाच बंद करते. समोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस येऊन बसतो. तो मला काहीही करत नाही. सकाळी आला की "नमस्कार ताई" म्हणतो, चहा घेतो आणि माझ्या दाराकडे बघत बसून राहतो.

तो कसा आला ते सांगते. त्यात थोडा तुमचाही हात आहे, म्हणून तुम्हालाच सांगते.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा मला वाटायचं, एजंटचं काम म्हणजे खोल्या दाखवणं. तुम्ही तर आलेली निम्मी माणसं परत पाठवायचात. भावाची सही नसताना खोली विकायला निघालेला, परत. आधीच्या चारही मालकांना शिव्या घालणारा, परत, कारण पाचवी शिवी आपल्यालाच पडणार. "आजच्या आज पाहिजे" म्हणणारा तर दारातूनच परत. आई चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणायची, "गिऱ्हाईकं हाकलून धंदा करणारा लालबागेत हा एकच माणूस." तुम्ही हसायचात. "आपण खोली नाय देत गो," म्हणायचात, "शेजार देतो. उद्या भांडणं झाली की लोक मालकाच्या नाही, माझ्या नावाने बोंबलतील." आणि एकदा मी तुम्हाला न विचारता एका जोडप्याला परळला खोली देऊन बसले, त्या नवऱ्याने महिन्याभरात अख्ख्या मजल्याशी भांडण काढलं, तेव्हा तुम्ही मला जिन्यात उभं करून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडला होतात. "आधी गाव इचार! खोली मागाहून दाखव!" मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. पण तेव्हापासून गाव विचारल्याशिवाय मी कुणाला चावी दाखवलेली नाही.

मागच्या गुरुवारी दुपारी एक बाई आली. पस्तिशीची असेल. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, दोघींच्यात मिळून एक पिशवी. मला म्हणाली, एक खोली हवी आहे, माझ्या एकटीच्या नावावर, लवकर मिळेल का? मी तिला मोबाईलवर मागच्या गल्लीतल्या खोलीचे फोटो दाखवले. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे खोली बघायला आलेली पार्टी पहिलं काय विचारते. पाणी किती वाजता येतं. हिने फोटो बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "दाराला आतून किती कड्या आहेत?"

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. मी बाई आहे, मला कळायला हवं होतं. पण माझं तोंड सवयीने चाललं. "गाव कुठलं तुमचं?" ती जरा घुटमळली, मग सांगितलं. आपल्याच तालुक्यातलं निघालं. तिचा चेहरा तेवढ्याने उजळला, जणू आता काम झालंच. मी म्हटलं, नंबर लिहून ठेवा, उद्या कळवते.

ती गेल्यावर मी त्या गावाच्या मंडळाच्या सेक्रेटरीला फोन लावला. परळला त्यांची गावकीची खोली आहे ना अजून, गावाकडून येणाऱ्यांना टेकायला, तिथे तो संध्याकाळी बसतो. मी त्याला तिचं आडनाव सांगितलं, बरोबर मुलगी आहे हे सांगितलं, माणसं कशी आहेत विचारलं. "कुठे आली होती?" तो म्हणाला. "आपल्या ऑफिसात, करी रोडला," मी म्हटलं. किती सहज म्हटलं, बाबा. दुसऱ्या दिवशी त्याचा उलट फोन. "घर सोडून आलीय ती. नवरा शोधतोय. तू कशाला मध्ये पडतेस? सरळ नाही म्हण."

मी तिला फोन केला आणि म्हटलं, मालक फॅमिलीलाच देतात. ती म्हणाली, "आम्ही दोघी आहोत ना ताई. ही काय फॅमिली नाही?" मी म्हटलं, मालकाचं म्हणणं आहे, माझ्या हातात काही नाही. मालकाला मी विचारलंसुद्धा नव्हतं. तो नागपूरला असतो, त्याला भाडं वेळेवर मिळाल्याशी मतलब. फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. ब्याद टळली, असंच म्हणाले मी मनात.

सोमवारी हा आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, आवाजात साखर. तुमच्या जुन्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आमच्या मिसेस येऊन गेल्या म्हणे." नंबरांची वही आमच्या मधोमध उघडी होती, तिच्या अक्षरातला नंबर वरच्याच ओळीत. मी चहाचा कप त्यावर ठेवला आणि हात कपावरून काढलाच नाही. म्हटलं, आल्या होत्या, खोली नव्हती, गेल्या. कुठे गेल्या ठाऊक नाही. तो हसला. "म्हणजे याच बाजूला शोधतेय. बरं झालं ताई, तेवढं तरी कळलं. मी तर दादर पालथं घालत होतो." आणि उठून टपरीवर जाऊन बसला. चार दिवस झाले.

पोलिसांत जावं असं रोज वाटतं. काय सांगू? एक माणूस चहा पितो? तिचा फोन बंद आहे. मंगळवारी मी ओळखीच्या एजंटांना फोन करायला घेतले, अशी कुणी बाई तुमच्याकडे आली का म्हणून. हिंदमाताचा झाला, दादरचा झाला, गिरगावचा नंबर लावता लावता मी फोन खाली ठेवला. अहो, मी परत तेच करत होते. आणखी दोन तोंडांना तिची खबर दिली होती मी.

आणि तेव्हा मला तुम्ही आठवलात, गावकीच्या खोलीत बसलेले. मी लहान होते, सुट्टीत मला बरोबर न्यायचात. तुम्ही चटईवर बसून तासभर नुसते गावच्या आंब्याविषयी, जत्रेविषयी बोलायचात. पार्टीचं नावसुद्धा कधी काढायचा नाहीत. बोलता बोलता समोरचाच कुणीतरी त्या घराचा विषय काढायचा, तुम्ही "असं काय" म्हणायचात आणि चहा संपवून उठायचात. मला तेव्हा वाटायचं, बाबा कामं सोडून गप्पा मारतात. तुम्ही मला विचार म्हणून सांगितलंत, पण कसं विचारायचं ते कधी सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत? मला तुमचा राग येतोय आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही ज्याला हे सांगता येईल.

आज दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. मागे रस्त्याचा आवाज, आणि मुलगी काहीतरी खायला मागत होती. "ताई, ती खोली गेली का हो? बाकी सगळीकडे नाही म्हणतायत." खोली गेलेली नाही, बाबा. चावी ड्रॉवरमध्ये होती. आणि हा समोर, दहा पावलांवर, ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं याला ऐकू जातंय. जाणार नव्हतं, पण वाटलं. मी मान खाली घातली आणि दबल्या आवाजात दोनच वाक्यं बोलले. "इकडे येऊ नका. परत फोन करू नका." आणि कट केला. मग तो नंबरही पुसून टाकला.

हे लिहिलेले कागद मी कुठल्या पेटीत टाकणार आहे, फाडूनच टाकेन. घरात सगळ्यांना सांगितलं की मी तिला सावध केलं, आणि ते मला शहाणी म्हणाले. तुम्हाला तेवढं खरं सांगते. पहिलं वाक्य तिच्यासाठी होतं. दुसरं माझ्यासाठी.