मोतीबिंदू पिकेपर्यंत

१२ जानेवारी १९५८

वर्तमानपत्रवाल्यांनी शाईत पाणी घालायला सुरुवात केली आहे. अग्रलेखाच्या मधोमध धुकं! महागाई सोसली, डास सोसले. पण हा अन्याय पनवेलकर मुकाट सोसणार नाहीत. दादूच्या सलूनमध्ये रोज पेपर मीच वाचून दाखवतो. आज दोन ओळी मनाने रचल्या. कुणाला कळलं नाही. उलट मूळच्यापेक्षा बऱ्या होत्या.

१९ जानेवारी

मिठागरावरचा बळीराम डोळ्यांच्या शिबिराला निघाला. धर्मशाळेत मुंबईचे डॉक्टर येऊन मोतीबिंदू काढणार — फुकट! म्हटलं, "आहे तेवढंही घालवून येशील. परत आल्यावर कर्नाळ्याचा सुळका दिसला तर मी मिशी उतरवीन." सलून हसलं. बळीरामही हसला — "भाऊ, मिशीला त्याल लावून ठेवा."

२ फेब्रुवारी

मोरीत मुंग्या. सत्यवतीची भुणभुण — "तुम्ही जाऊन आलात की रांग लागते. डॉक्टरांना दाखवा एकदा." म्हटलं, माझ्या अंगचा गोडवा मुंग्यांना कळतो, बायकोला कळत नाही!

२३ मार्च

बळीरामला चष्मा आला. बाटलीच्या बुडासारख्या काचा, आत डोळे म्हशीएवढे. सलूनच्या पायरीवरून बोट दाखवलं — "त्यो बगा सुळका! आंगठ्यावानी उबा हाय!" सगळे धावले. मीही. मला नुसतं आभाळ दिसलं.

"ढग आहे तो," म्हणालो.

सगळे माझ्या मिशीकडे बघत होते.

२४ मार्च

चष्मा, चष्मा, चष्मा! गावाला दुसरा विषय नाही. शेजारच्या कृष्णाबाईच्या सुईत बळीरामने दोरा ओवून दिला म्हणे. बाजारात मासळीचे कल्ले उघडून ताजी-शिळी सांगतो! इतकी वर्षं मी साप्ताहिकात लेखणी झिजवली. माझ्यासाठी कुणी पायरीवर धावलं नाही.

२ एप्रिल

डाव्या डोळ्यापुढे जाळं आहे. मोतीबिंदूच! बळीराम म्हणतो, "कच्चा आसला तर डाक्तर हात लावत नाय. पिकला पायजे." मग पिकू दे माझाही चांगला. पुढच्या शिबिरात काढीन, सोनेरी काड्यांचा चष्मा घेईन, आणि सुळक्याच्या पलीकडचंही सांगेन! तोवर सत्यवतीलासुद्धा अवाक्षर नाही.

१८ एप्रिल

सकाळी डाव्या डोळ्यात दौत सांडल्यासारखं झालं. पोस्टात जातो सांगून निघालो. नाक्यावर ठेच लागली — धरलं कुणी? बळीरामने! दवाखान्यापर्यंत हात सोडला नाही.

डॉक्टरांनी लघवी औषधात तापवली. विटेसारखी लाल झाली.

"मोतीबिंदू नाही. मधुमेह. डोळ्याच्या आत रक्त उतरलंय. मोरीत मुंग्या लागत नव्हत्या?"

"लागत होत्या."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

"पिकायची वाट बघत होतो."

डॉक्टर हसले नाहीत. तेव्हाच आलो असतो तर कदाचित डोळा वाचला असता. आता डावा गेला. उजवा राखायचा तर रोज इंजेक्शन, गोड बंद.

१९ एप्रिल

दादूच्या खुर्चीत बसलो. "उतरव."

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," बळीराम म्हणाला, "मस्करी व्हती ती."

"सुळका दिसला ना तुला?"

"दिसला."

"मग झालं."

घरी आलो. आमच्यात वडीलधारं गेल्याशिवाय मिशी उतरत नाही. सत्यवतीच्या हातातलं सूप खाली पडलं — "अगं बाई! कोण गेलं?"

"डावा डोळा," म्हटलं.