झोक्याचा दोर

चि. पुना,

कोकिळाला आणि सूनबाईला घेऊन पहिल्या एसटीने पिंपळनेरला, सूनबाईच्या माहेरी जातो आहे. तू झोपला होतास म्हणून लिहून ठेवतो. जागा असतास तर बहुधा मला बोलता आलं नसतं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या. सूनबाई मात्र कोकिळा झाल्यापासून एकदाही गेली नाही, कारण अशी पोरगी तुझ्या सासरच्यांना दिसायला नको, असं तुझं म्हणणं. काल त्या लेकींसमोर तू कोकिळाला झोक्यावरून ओढून मारलंस. कुणीतरी म्हणालं, "हिले बाधा शे, भगतले दखाडा," आणि तू लगेच भगताला आज दुपारचं बोलावणं धाडलंस.

नाशिकच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला, तो मी तुला समजावून पाहिला. मला नीट सांगता आलं नसेल. पुस्तकं वाचणाऱ्याला माणसांशी बोलता येतंच असं नाही. पण तिला बाधा नाही, हे नक्की. "उतर खाली, लाज आणली!" हे तुझे शब्द ती कालपासून तुझ्याच आवाजात म्हणते आहे. सूनबाई दर वेळी दचकते.

भाकरी टोपलीत आहे, वरण झाकलेलं आहे. भगत आला तर त्याला चहा दे. आलाच आहे तर तुलाच बघून जाऊ दे.

झोक्याचा दोर सोडून बरोबर नेतो आहे. तिकडच्या निंबाला बांधीन. गाठ मला जमेल की नाही, कोण जाणे. पण 'उतर' म्हणायला तिथे तू नसशील.

नाना