न शिकवलेलं रूप

प्रिय हिरू,

काल तुझे फोन येत होते आणि मी उचलत नव्हते, रागावली असशील. आई शेजारीच बसलेली, आणि मला जे सांगायचं होतं ते तिच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. शिवाय फोनवर तू हसून विषय बदलला असतास. पत्र निदान माणूस शेवटपर्यंत वाचतो. शेजारचा सुनिल वलसाडला कामावर जातोच, तो तुझ्या हातात देईल.

तलासरीकडची जमीन मधूनमधून हलते, हे तुला ठाऊक आहे. डहाणूत आपल्याला ते पंखा डोलला की कळतं. माझ्या शाळेत, वेवजीच्या बाजूला, आधी आवाज येतो. लांबून भरलेला डंपर यावा तशी घरघर, पण रस्त्यावरून नाही, पायाखालून. मग छपराचे पत्रे वाजतात. भिंतींना तडे गेल्यापासून नववीचा वर्ग मी आंब्याखाली घेते. तिथेच मी या सत्रात मोडल ऑक्झिलरी शिकवायला घेतल्या. कॅन, मे, मस्ट, शुड. मुलांना सांगितलं, हे छोटे शब्द काम सांगत नाहीत, बोलणाऱ्याला त्या कामाची किती खात्री आहे ते सांगतात. होईल की नाही ठाऊक नसेल तर मे. सक्ती असेल किंवा समोर पुरावा असेल तर मस्ट. करणं बरं, असा सल्ला असेल तर शुड. मग प्रत्येकाला एकेक वाक्य करायला लावलं. सगळ्यांनी पाऊस पाडला, इट मे रेन. संगीता मात्र उभी राहून म्हणाली, “द बेल मस्ट फॉल.”

संगीता जवळच्या पाड्यावरची. तिला नर्स व्हायचंय, म्हणून इंग्रजीचा तास कधी चुकवत नाही. मी तिला समजावलं, अगं, घंटा पडेलच कशावरून? मे म्हण. ती मान हलवून म्हणाली, “नाही बाई, मस्टच.” मधल्या सुट्टीत जमीन हलली आणि व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा, जो आम्ही घंटा म्हणून वाजवतो, तो तार तुटून खाली पडला. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. मी म्हटलं, योगायोग. तारही गंजलेलीच होती.

पुढच्या तासाला कॅन घेतलं. तिने वाक्य केलं, “द वेल कॅन ड्रिंक.” सगळा वर्ग हसला, मीही हसले. विहीर कशी पाणी पिऊ शकेल? आपण तिचं पितो. सोमवारी शाळेत आले तर बायका हंडे घेऊन विहिरीभोवती उभ्या होत्या. भरलेल्या विहिरीत चिखल उरला होता. सरपंचांनी बोलावलेला माणूस म्हणाला, धक्क्यांनी खालचा खडक फुटला की असं होतं. पटण्यासारखंच होतं ते. पण हिरू, त्याच आठवड्यात दिपक नावाचा मुलगा आंब्याच्या शेंड्यावर चढला, फांदी वाकली. संगीता खाली बसून शांतपणे म्हणाली, “ही मे फॉल.” आणि तो हसत खाली उतरला. तिच्या ‘मे’मध्ये काही घडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून मुलं तिच्या शेजारी बसेनात. तिची आई जिवली शाळेत आली. उभ्यानेच म्हणाली, “बाई, हिला इंग्रजी शिकवू नका. मराठीत बोलते तेव्हा काही होत नाही. आमच्या बोलीत बोलते तेव्हा तर नाहीच.” मी तिला बसवलं, पाणी दिलं, पोरीला नर्स व्हायचंय तर इंग्रजी सोडून कसं चालेल, असं काहीबाही बोलले. जाताना ती म्हणाली, “मग तुम्हीच सांभाळा.” मी संगीताला बाजूला घेऊन विचारलं, तू हे मुद्दाम करतेस का? तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “मी काही करत नाही, बाई. जो शब्द येतो तो येतो. त्याच्या जागी दुसरा घातला की तोंडात लोखंडाची चव येते.” मी ठरवलं, हा धडा आता पुरे. प्रेपोझिशन सुरू केले. टेबलावर, पेटीत, झाडाखाली. त्यात कोणाचं काय वाईट होणार?

काल दुपारी शाळा सुटल्यावर मी नाक्यावर जीपची वाट बघत होते. संगीता मागून धावत आली. धापा टाकत होती, ओठ कोरडे पडलेले. म्हणाली, “बाई, एक वाक्य येतंय सकाळपासून. थांबतच नाही.” मी नको म्हणायच्या आत तिने ते म्हटलं, “हिरकणी शुड हॅव स्टेड इन वलसाड.” मी तिला विचारलं, हिरकणी कोण? “माहीत नाही, बाई. वाक्याला कोणाचं तरी नाव लागतं ना.” शाळेत मी तुझं नाव कधी घेतलेलं नाही. आणि शुड हॅव हे रूप मी वर्गात शिकवलेलंच नाही. तिला विचारलं तर म्हणाली, ते तिने कुठे ऐकलेलंही नाही.

हिरू, आईने तुझ्या बाळंतपणासाठी मागची खोली धुऊन घेतली आहे, नवी गोधडी शिवली आहे, तुला आणायला रविवारी गाडी सांगितली आहे. मलाही तू यायला हवी होतीस. तरी सांगते, येऊ नकोस. तिथेच राहा, सासूबाईंच्या माहितीतल्या डॉक्टरांकडेच नाव ठेव. आईला काय सांगायचं ते मी बघते, तिचा राग मी झेलीन. वेडी म्हण मला, पण थांब. शुड हॅव म्हणजे जे करायला हवं होतं आणि केलं गेलं नाही. वेळ उलटून गेल्यावरच ते रूप वापरतात. आज शुक्रवार आहे. अजून नुसतं शुड आहे.

तुझ्या निरोपाकडे डोळे लावून बसलेली, तुझीच
नूतन