चौथ्या खोलीचा लोड

२ तारीख

टिकत नाही म्हणे मी कुठे! दादा, गॅरेज सोडलं ते मालकाने सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली म्हणून. तूही सोडलं असतंस. पण तुला सांगून उपयोग काय, तू आधी ओरडतोस आणि मग फोन ठेवतोस. म्हणून आपल्या धाकट्या चिमीने ही वही दिलीये. म्हणाली, भांडण वहीत कर, फोनवर फक्त जेवलो एवढंच सांगत जा.

तर ऐक. नोकरी झकास आहे. शीतगृह आहे हे, गावाबाहेर, फळं ठेवायचं. बाहेरून बघशील तर नुसतं पांढरं डबडं, पण आत शिरलं की सफरचंदांचा असा वास येतो की भूक नसली तरी लागते. मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना मिळून चार खोल्या. तीन चालू, चौथी बंद. बाहेर उन्हाने डांबर वितळतंय आणि मी आत स्वेटर घालून फिरतोय, साहेबासारखा! स्वेटर खुंटीवर टांगलेलाच होता, माझ्या मापाचा निघाला.

राखणीला तात्या आहेत. दात कमी, टोमणे जास्त. मला बघून म्हणाले, हे लेकरू किती दिवसांचं? मी म्हटलं, तुम्हाला पोचवूनच जाईन. खूप हसले.

वीज सारखी जाते. मालकीणबाई म्हणाल्या, जनरेटर घ्यायचाय, तू इंजिनांत हात काळे केलेयस तर तूच निवड. ठरलेल्या पैशांतून वाचवशील त्यातलं अर्धं तुझं. दादा, चिमीच्या नर्सिंगची फी अठरा हजार पाचशे, महिनाअखेरीला. ती मी भरणार. बघच तू.

५ तारीख

जनरेटर घ्यायचा म्हणजे आधी लोड मोजायचा. काय काय चालतं, किती वीज खातं. वायरला चिमटा-मीटर लावला की आकडा दिसतो. आज एकेक खोली बंद करत मोजत गेलो. पहिली बंद, दुसरी बंद, तिसरी बंद. बोळातले दिवे, पंखा, शटरची मोटार, सगळं बंद केलं.

आकडा शून्यावर आलाच नाही. चांगला मोठा होता. एखादी खोली चालू असावी एवढा.

वाटलं चौथी असेल. तिची वायर शोधली, तर ती केव्हाच कापलेली, टोकांना चिकटपट्टी, तिच्यावर धूळ. दाराला हात लावला. बंद खोलीचं दार एवढं गार कसं?

तात्यांना विचारलं. म्हणाले, तेवढं धरून चाल आणि मोठाच जनरेटर घे. का, ते सांगेनात. म्हातारा उगाच घाबरवतोय.

९ तारीख

मधल्या आकाराचा घेतला. जनरेटरवाला खोदून खोदून विचारत होता की मोटारी सुरू होताना तिप्पट ओढतात, ते धरलंय ना. मी म्हटलं, मला शिकवू नका, तीन खोल्या आहेत, एकेक करून सुरू करीन. चौथीचा आकडाही धरला होता मी. पण चालू असतानाचा. तो कधी बंद पडलेला पाहिलाच नव्हता, मग सुरू होतानाचा कुठून धरणार?

लाईट गेली की आपोआप सुरू होणारा घेतला. पैसे बरेच वाचले. बाई खूश. तात्यांनी जनरेटरकडे बघितलं आणि एकच म्हणाले, लहान आणलास रे.

१२ तारीख

दुपारी लाईट गेली. जनरेटर मस्त सुरू झाला. मी पहिल्या खोलीचा खटका दाबायला गेलो, अजून बोटही लावलं नव्हतं, तोच इंजिन कण्हायला लागलं. डोंगर ओढायला लावल्यासारखं. काळा धूर. बोळातले दिवे लाल होत होत विझत आले.

खोल्या तिन्ही बंद होत्या. मग एवढी वीज ओढत उठत काय होतं?

मग इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला. ओझं कोणीतरी दुसऱ्याने उचलल्यासारखा.

तात्या चौथीच्या दाराशी बसलेले सापडले. भर उन्हाळ्यात भुवयांवर गोठलेलं पांढरं दव. ओढत बाहेर आणलं, उन्हात ठेवलं, तिथलं होतं नव्हतं ते पांघरूण घातलं. अंग तापेचना. हात धरला तर माझाच बधिर झाला.

१३ तारीख

डॉक्टर म्हणाले थर्मामीटरचा पारा हलत नाहीये. दुसरा लावला. तोही हलला नाही.

तात्या शुद्धीवर होते. कानाशी बोलावून म्हणाले, तिला कमी पडलं की ती माणसातून भागवते. ती कोण म्हटलं, तर म्हणाले, ते मलाही ठाऊक नाही, पण चालू असते तोवर त्रास देत नाही, उठतानाच तिला फार लागतं. तू यायच्या आधीच्या माणसानेही भाड्याने लहानच जनरेटर आणला होता.

मग माझ्या अंगाकडे बघत राहिले. स्वेटर त्याचा आहे म्हणाले.

१५ तारीख

तात्यांना पोचवून आलो. तोंडातून काय गेलं होतं माझ्या त्या दिवशी.

चितेवर ते लवकर पेटेनात. लोक म्हणाले लाकडं ओली. लाकडं मीच निवडली होती. कोरडी खडखडीत होती.

१८ तारीख

बाईंचे पाय धरले, मोठा घेऊ म्हटलं. माझं अर्धं नको, सगळं त्यात घाला. म्हणाल्या, म्हातारं माणूस होतं, गेलं, तू डोक्यात काही घेऊ नकोस. जनरेटरवाला बदलून द्यायला तयार आहे, पण पुढच्या महिन्यात.

जनरेटरच्या बॅटरीची वायर काढून ठेवली. सुरूच झाला नाही तर ती उठणार नाही.

पळून जावंसं वाटतं. पण दादा, पगार तीस तारखेला. आधी गेलो तर पगारही नाही, वाचवलेलंही नाही. आणि तू म्हणशील, टिकला नाही.

२३ तारीख

दुपारभर लाईट नव्हती. सगळं शांत. किती बरं वाटलं!

लाईट आल्यावर क्षणभर आमचे दिवे मंद झाले. शटरमधून बघितलं, रस्त्यापलीकडच्या टपरीचेही झाले. गावातली वीज पुरली तिला. गाव मोठं आहे.

२४ तारीख

कालच्या उकाड्याने पेट्या सडल्या. बाई चिडल्या. मिस्त्रीला आणून बॅटरीची वायर परत जोडली, बॅटरीच्या डबीला कुलूप. किल्ली बाईंकडे. म्हणाल्या, भित्रट कुठला.

२७ तारीख

चिमीचा फोन. जेवलो म्हटलं. भाऊ, दात का वाजतायत, विचारलं.

स्वेटर जाळला. जळायलाही वेळ लागला.

चौथीच्या दाराजवळून जात नाही. तरी दिवसभर त्या बाजूचा कान गार असतो.

३० तारीख

दुपार. पैसे आले! पगार आणि वाचवलेलं, दोन्ही मोबाईलवर. पिशवी भरली. शटर वर जाईपर्यंत चिमीची फी पाठवतो आणि —

लाईट गेली.

शटर अर्ध्या वितीवर अडकलं. बाहेर जनरेटर सुरू झाला, आपोआप. मीच निवडलेला.

कण्हतोय.

शटरची साखळी हाताने ओढली. हात चिकटला. सोडवला तेव्हा तळव्याची कातडी साखळीवर राहिली. रक्त नाही आलं. गोठलं असेल —

दिवे लाल.

फोन सकाळी भरला होता. आता लाल रेघ. तोही खातेय. बोटं तोंडात धरून गरम करतोय, काच बोट ओळखत नाही —

चौथीचं दार उघडं नाही. तरी ती बोळात आहे. सफरचंदांचा वास येईनासा झाला. कसलाच वास नाही.

इंजिन हलकं झालं.

दादा, दात वाजणं थांबलं. थंडीही वाजत नाहीये आता. वही बाईंकडून घे. फोन मेला तर पैसे त्याच खात्यात आहेत, चिमीला दे, तिची फी आज — मी टिकलो दादा, महिनाभर —

बोट लागलं. आकडा टाकतोय. पाठवतोय — अठरा हजार पा